शिरोलीच्या भट्टीतला नायोबियम

महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरलेले बहुतेकजण आधी अंबाबाईला जातात. मी पंचगंगेचा पूल ओलांडून थेट शिरोली एमआयडीसी गाठली. मामेभाऊ तिथल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे. "दादा, सीएफ-एट-सीची हीट हाय, ये बघायला," म्हणाला होता. हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला रस.

सीएफ-एट-सी म्हणजे नायोबियम हा धातू घातलेलं स्टेनलेस स्टील. वेल्डिंगच्या उष्णतेत साध्या स्टेनलेसमधला कार्बन क्रोमियमला पकडतो आणि नेमका तिथेच पुढे गंज शिरतो. नायोबियम कार्बनला आधीच अडकवून ठेवतो. त्यासाठी तो कार्बनच्या किमान 8 पट लागतो, पण 1 टक्क्याच्या वर नको. ड्रममध्ये फेरो-नायोबियमचे करडे खडे होते. वितळलेल्या रसात ते पडले तेव्हा ना ठिणगी, ना आवाज. मी उगाच मागे सरकलो होतो.

सॅम्पल स्पेक्ट्रोवर, म्हणजे कोणता धातू किती ते मोजणाऱ्या यंत्रावर, जाईपर्यंत भावाने टेबलावरचा काळा दगड हातात दिला. कोलंबाइट, नायोबियमचं खनिज, एका संग्राहक मित्राने दिलेला. लिंबाएवढा, पण हात खाली गेला! हे एकच खनिज नव्हे, मालिका आहे: एका टोकाला नायोबियम जास्त, दुसऱ्या टोकाला टँटलम हा धातू जास्त, त्याला टँटलाइट म्हणतात. लोखंड आणि मँगनीजही असेच एकमेकांची जागा घेतात. टँटलम वाढेल तसं वजन वाढतं. घनता पाण्याच्या सुमारे 5 पटीपासून 8 पटीपर्यंत जाते.

हे दोन धातू इतके सारखे की रसायनशास्त्रज्ञांचीही दमछाक झाली. 1801 मध्ये हॅचेटने नायोबियम शोधला, 1802 मध्ये एकेबर्गने टँटलम. 1809 मध्ये वुलस्टनने दोन्ही एकच ठरवून टाकले. ते वेगळे आहेत हे 1844 मध्ये हाइनरिश रोझने दाखवलं.

"पन्हाळ्याकडं घावंल का रं हा दगड?" मी विचारलं. तो हसला. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याचा. कोलंबाइट बहुतेक पेग्मटाइटमध्ये मिळतं, म्हणजे ग्रॅनाइटी रसाच्या शेवटच्या, मोठ्या स्फटिकांच्या शिरांत. आपल्याकडे त्यासाठी झारखंडच्या अभ्रकपट्ट्यात जावं लागतं. जगातला बहुतेक नायोबियम मात्र आज ब्राझीलहून, पायरोक्लोर नावाच्या वेगळ्याच खनिजातून येतो. कोलंबाइट-टँटलाइटला खरी मागणी टँटलमसाठी, मोबाइलमधल्या चिमुकल्या कपॅसिटरांसाठी. काँगोत त्यालाच कोल्टन म्हणतात आणि त्याच्या खाणींवर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्यात. माल अशा टोळ्यांचा नाही असं सांगणाऱ्या, बाजारात फिरणाऱ्या दाखल्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

स्पेक्ट्रोने नायोबियम 0.7 टक्के दाखवला. भाऊ ओरडला, "ओता!" आणि आम्ही मिसळ खायला उद्यमनगरात निघालो.