स्वस्त हेल्मेट कुणाच्या डोक्यावर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुचाकीवरून पाळीला जाणाऱ्या पोरांना बेशिस्त म्हणून मोकळं होता येतं. पण त्यांच्या गाड्या एकदा नीट बघा. कितीतरी गाड्या सेकंडहँड, १०० सीसीच्या. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याखालच्यांना तेव्हा सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक) पुरेसं धरलं, आणि त्याआधीच्या जुन्या गाडीला बहुधा दोन्ही नसतं. पावसात घाबरून ब्रेक दाबला की चाक लॉक होतं आणि गाडी आडवी. म्हणजे ब्रेकसुद्धा पगार बघून मिळतो. हा अन्याय आहे.

हेल्मेटचंही तेच. आतला जाड, टणक थर्माकोल धडकेत दबून मार शोषतो. रस्त्याकडेच्या हलक्या टोपीत नुसता स्पंज. बोटानं दाबला की कवचाला टेकतो. घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघा. पट्टा हनुवटीखाली लावा आणि हेल्मेट मागून पुढे ढकला. निघालं, तर माप मोठं आहे. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकाचक दिसलं तरी आतून दबलेलं असू शकतं, म्हणून जुनं विकत घेऊ नका.

गळिताच्या हंगामात रात्र आणखी वाईट. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस मागचा रिफ्लेक्टर झाकतो. डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर असाल तर वेग ४० च्या आत ठेवा.

कंत्राटदार सेफ्टी शूज देतात, त्याच यादीत दुचाकीचं हेल्मेटही घालावं.