काळी एकच्या जरा वर

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा डबा नुसता चालू होत होता. आता तो गातो, आणि मुख्य म्हणजे सुरात गातो. त्या सुरापायी अख्खा मे महिना गेला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. माळ्यावर पडलेला आमचा जुना टीव्ही गेम मी वाद्य म्हणून वाजवायच्या नादात आहे. निन्टेंडोनं १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. नव्वदच्या दशकात असे डबे घरोघरी होते. कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणायचो, आणि ती चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायचो. माझं नशीब एवढंच की डब्याच्या आत चिप झाकून टाकणारा काळ्या डांबराचा ठिपका निघाला नाही, सुट्या चिपा निघाल्या: यूए६५२७पी आणि तिच्या जोडीला चित्र काढणारी यूए६५३८. सगळा आवाज पहिल्या चिपच्या पोटात आहे. दोन पल्स चॅनल (चौकोनी लहरीचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लहरीचा), एक नॉइज (खरखरीचा) आणि आवाजाचे छोटे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारा डीपीसीएम. एवढ्यावरच भागवायचं.

आधी घरघर. पॉवरच्या बाजूचा १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर फुगला होता. तो बदलल्यावर बरीचशी गेली, उरलेली टीव्हीकडे सिग्नल पाठवणाऱ्या आरएफ डब्यातून येत होती. म्हणून त्या वाटेनं जायचंच सोडलं आणि सरळ चिपच्या पायांवरून आवाज घेतला. पाय क्रमांक १ वर दोन्ही पल्स येतात, २ वर बाकीचे तिघे. दोन वायरी, दोन कपॅसिटर, एक स्टिरिओ जॅक. डावीकडे धून, उजवीकडे ठेका. हेडफोनवर ऐकून मी इतका खूश झालो की त्या रात्री पुढचं काहीच केलं नाही. (या वायरिंगनं नंतर कशी फजिती केली ते पुढे येईलच.)

आता सुराची गोष्ट. गाणी मी फॅमिट्रॅकरमध्ये लिहितो, म्हणजे याच चिपसाठी संगीत लिहायच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये. त्यात सुरुवातीलाच टीव्हीची पद्धत विचारतात, एनटीएससी (जपान-अमेरिकेची, ६० हर्ट्झची) की पाल (५० हर्ट्झची)? आपला देश पालचा, डबा पालचा, म्हणून डोळे झाकून पाल निवडलं. भूपमधली एक साधी धून बांधली, पांढरी एकमध्ये, फ्लॅश कॅसेटमध्ये (आपला प्रोग्रॅम भरता येतो अशा कॅसेटमध्ये) टाकली आणि काकांना म्हटलं, जरा पेटी धरा. काका चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवतात. त्यांनी पांढरी एकचा सा दाबला, थांबले, शेजारची काळी दाबली, परत थांबले.

"अरे, हे काळी एकमध्ये गातंय. त्याच्याही जरा वर."

मला वाटलं काकांची पेटी उतरली असेल. पण हिशोब मांडला आणि गार पडलो. युरोपातल्या खऱ्या पाल मशीनमध्ये ही चिप १.६६ मेगाहर्ट्झवर चालते. आपल्याकडच्या या जातीच्या नकलेत चिपचं घड्याळ १.७७ मेगाहर्ट्झचं असतं, म्हणजे जपानी मूळ मशीनच्या १.७९ च्या जवळचं. बनवणाऱ्यांनी चित्र पालचं, ५० हर्ट्झचं ठेवलं, पण सूर जपानी गेमला जुळेल असा ठेवला. ट्रॅकर सूर मोजत होता १.६६ धरून. दोन्हींचा भागाकार केला की फरक येतो ११२ सेंट. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, आणि वर १२. काळी एक आणि जरा वर! माझ्याकडे ट्यूनर होता, पण काकांच्या कानानं तो फरक शेंड्यापर्यंत अचूक सांगितला.

उपाय असा की ट्रॅकरमध्ये एनटीएससी ठेवायचं, पण इंजिनाचा वेग (गाणं सेकंदाला किती वेळा पुढे सरकतं तो) हातानं ५० करायचा. वेग एनटीएससीचा ६० राहिला तर १५० च्या लयीत लिहिलेलं गाणं डब्यावर १२५ वर येतं, म्हणजे भजन एकदम पेंगायला लागतं. लहानपणी आपले गेम असेच संथ चालायचे, पण आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एवढं करूनही १.७९ आणि १.७७ च्या फरकामुळे सूर १६ सेंट उतरलेला राहतोच. ट्रॅकरच्या पी कमांडनं (पी८० म्हणजे मूळ सूर) चढवता येतो, पण तिथंही मेख आहे. चिप सूर मोजते ती घड्याळाला पूर्ण आकड्यानं भागून. ४४० हर्ट्झच्या आसपास दोन आकडे सरकवले की काम होतं, खालच्या सप्तकात पाच लागतात, वरच्या सप्तकात एकच. त्यामुळे सगळ्या गाण्याला मिळून एकच पी८२ लावून मोकळं होता येत नाही. मी ओळीओळीला बसून लावलं. कंटाळवाणं काम आहे, पण पेटीबरोबर वाजवायचं तर सुटका नाही. एकटंच वाजवणार असाल तर खुशाल सोडून द्या.

जून उजाडला आणि दुसरा घोळ निघाला. धुनीसाठी मी ५० टक्क्यांची ड्यूटी (पल्सची लहर किती वेळ वर राहते ते प्रमाण) घेतली होती, पोकळ, गोलसर आवाजाची. संगणकावर छान. डब्यावर मात्र तीच धून चिरकी, किनारदार. आणि मागे साथीला ठेवलेली २५ टक्क्यांची ओळ उलट गोल. वायर उलटी लागली का म्हणून तासभर शोधत बसलो. वायर बरोबर होती. या चिपमध्ये २५ आणि ५० च्या जागाच अदलाबदल झालेल्या आहेत, बऱ्याच नकलांमध्ये असंच असतं. मेसेन या एम्युलेटरमध्ये (संगणकावर हा डबा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तर जुन्या नकलांसारखं ऐकायला त्यासाठी वेगळी खूणही आहे.

ट्रॅकरमध्ये व्ही०१ (२५ टक्के) आणि व्ही०२ (५० टक्के) ची अदलाबदल केली की प्रश्न मिटतो, दोन मिनिटांचं काम. पण मी ती केली नाही. अशा डब्यांसमोर मांडी घालून बसलेल्या पोरांच्या कानात जो आवाज बसलाय, तो हाच उलटा आवाज आहे. जपानी माणसाला तो चुकीचा वाटेल, वाटू दे. मी आता चिरकं हवं असेल तिथं मुद्दाम ५० लिहितो आणि संगणकावर ऐकणं जवळजवळ बंद केलंय.

ठेक्यात मजा आली. ढोलकीच्या घुमाऱ्यासाठी ट्रँगल. त्याचा सूर वरून सुरू करून सहा फ्रेममध्ये खाली घसरवला, एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे सव्वाशेच्या आत. टाळासाठी नॉइजचा छोटा मोड, तो धातूसारखा किणकिणतो. थाप मात्र खरी, मंडळाच्या ढोलकीवरून मोबाइलवर घेतलेली. डीपीसीएममध्ये एक नमुना जास्तीत जास्त ४०८१ बाइटचा, वरच्या वेगाला जेमतेम सेकंदभर, म्हणून थापेची शेपूट कापली. मग लक्षात आलं की प्रत्येक थापेनंतर घुमारा दबतोय. कारण दोघं एकाच पायावर बाहेर पडतात. नमुना संपतो तेव्हा डीपीसीएमचा काउंटर जिथं असेल तिथंच अडकतो, आणि तो जितका वर अडकला तितका ट्रँगल बारीक होतो. थापेनंतरच्या ओळीवर झेड०० (काउंटर शून्यावर आणणारी कमांड) टाकलं की घुमारा परत भरून येतो. कधीकधी बारीक 'टक्' ऐकू येतं. ढोलकीत खपून जातं.

नुसती कॅसेट लावून हाताची घडी घालून उभं राहायचं नव्हतं, म्हणून गेमपॅडचं बटण दाबून धरलं की एक चॅनल गप्प, असा छोटा प्रोग्रॅम असेम्ब्लीत (चिपच्याच भाषेत) जोडला. आधी ४०१५ या रजिस्टरमधून (चिपला हुकूम द्यायच्या कप्प्यातून) चॅनल बंद-चालू केला. बंद झाला झकास, पण बटण सोडलं तरी परत येईना. मध्येच कधीतरी, धून एकदम वर किंवा खाली गेली की आपोआप प्रकट व्हायचा. ४०१५ मधून बंद केल्यावर चिपचा लांबी मोजणारा काउंटर शून्य होतो आणि सुराच्या आकड्याच्या वरच्या भागाचं रजिस्टर पुन्हा लिहीपर्यंत तो भरत नाही. फॅमिट्रॅकरचा ड्रायव्हर (डब्यावर गाणं वाजवणारा त्याचा कोड) तो भाग बदलला तरच लिहितो. म्हणून पल्ससाठी ते सोडून आवाजच शून्य करायला लागलो. ट्रँगलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, त्याच्यासाठी वेगळी वाट काढली.

आणि मग सापडला टर्बो. आपल्या नकली पॅडवर ए-बीच्या वर दोन जादा बटणं असतात ना, धडाधड गोळ्या सुटणारी? तेच बटण धरलं की चॅनल भराभर तुटतो आणि लांब सूर दाणेदार होतो. यासाठी एक ओळही लिहावी लागली नाही.

सोसायटीच्या गणपतीत तिसऱ्या दिवशी रात्री आम्हाला दहा मिनिटं मिळाली, काका पेटीवर, मी पॅडवर. साउंडवाल्यानं माझ्या जॅकची एकच बाजू मिक्सरला लावली, डावी. तपासताना नुसती धून, ढोलकी नाही, टाळ नाही, काही नाही. त्याच्याकडे दुसरी लाइन शिल्लक नव्हती. पिशवीत एक किलोओहमचे दोन रेझिस्टर होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यावर सोल्डरिंग लावून दोन्ही बाजू एका वायरीत जोडल्या. काकू म्हणाल्या, "अरे, तो धूर माझ्या मोदकांवर नको." वाजलं सगळं. दुसऱ्या फेरीत ताल एकदा घसरला, काकांनी ओढून घेतला.

आता डब्याच्या मागे मोनो-स्टिरिओचं बटण बसवायचंय. भोक कुठं पाडायचं ते ठरत नाही, कारण त्या बाजूला जुना स्टिकर आहे आणि तो फाडवत नाही.