दोन खोल्या, बुटकी कपाटं आणि दीड वर्षापासूनची मंडळी

बेळगावच्या टिळकवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही माँटेसरी बालवर्ग सुरू केला तेव्हा जो तो पहिलं हेच विचारायचा, एबीसीडी कधी घेणार? आणि चर्चमधली मंडळी विचारायची, बायबलची वचनं पाठ करून घेणार ना? दीड ते तीन वर्षांची लेकरं हो ती! मी आधी एका शाळेत नर्सरीला होते, तिथं एवढ्याएवढ्या पोरांना हाताची घडी घालून बसवायचे आणि ते बघून माझा जीव तुटायचा. मग माँटेसरीचा, म्हणजे पोरांनी साहित्य हाताळत स्वतःच शिकायच्या पद्धतीचा, कोर्स केला, माझ्या मिस्टरांनी हिशेब आणि सामानाची बाजू घेतली, आणि लागलो कामाला.

तयार साहित्याचे भाव आमच्या आवाक्यातले नव्हते. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला जवळपास मिळेल त्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं, त्याचा मोठा धीर वाटला. शहापूरच्या एका सुतारमामांना गुलाबी मनोऱ्याचं काम दिलं. एकावर एक रचायचे दहा ठोकळे, सगळ्यात लहान १ सेंटीमीटरचा, मोठा १० चा, मध्ये प्रत्येकी बरोब्बर एक-एकने वाढणारे. मामा म्हणाले, "बाई, खेळण्याला एवढं माप कशाला?" पण माप चुकलं तर मनोरा नीट लागणार नाही आणि आपलं कुठं चुकलं हे पोराला स्वतःचं स्वतः दिसणार नाही, माँटेसरीचा गाभाच तो आहे. समजावून सांगितल्यावर मामांनी एकेक ठोकळा घासून घासून असा दिला की आजही तोच वापरतोय.

पेले-वाट्या मात्र काचेच्या आणि मातीच्या, छोटी मडकी खानापूरची. प्लॅस्टिक ठेवा, फुटणार नाही, असं बरेच पालक सांगतात. फुटतं म्हणूनच तर पोरगं दोन्ही हातांनी धरून हळू चालतं की. पाणी ओतायच्या कामात पेल्यावर लाल टेपची रेघ असते, तिथपर्यंत ओतायचं, सांडलं तर शेजारी स्पंज ठेवलेला असतो. एक आजी नातवाला न्यायला लवकर आल्या, दारातून बघत बघत म्हणाल्या, "नुसतं पाणीच ओतालंय की पोरगं, तुम्ही शिकवालाय काय?" मी म्हटलं, आज्जी, बसा जरा. पोरानं ओतलं, सांडलं, स्पंज आणला, पुसलं, पिळला, परत ओतलं, कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि रेघेवर पाणी थांबलं तेव्हा त्यानं आजीकडं बघितलंसुद्धा नाही, परत पाण्याचा जग उचलला. त्यानंतर त्या आजीच बाकीच्या आयांना समजावून सांगायला लागल्या.

आता आमच्या श्रद्धेबद्दल, कारण हे बरेच जण विचारतात. मारिया माँटेसरी स्वतः कॅथलिक होत्या. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं ते ६ जानेवारी १९०७ ला, मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांच्या, सणादिवशी. पुढं १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळं कितीतरी वर्षं भारतातच राहिल्या. लहान मुलांना देवाची ओळख वस्तू हाताळत व्हावी हा त्यांचाच विचार, तो धरून सोफिया कावालेत्ती आणि जियान्ना गोब्बी या दोघींनी १९५४ पासून रोममध्ये येशूच्या उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यावर, म्हणजे गोष्टीवर, काम उभं केलं. आमच्याकडं तेच आहे, लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढरं, मेंढरांचा एक गोल वाडा. मेंढपाळ पुढं, मेंढरं मागं, कारण ती त्याचा आवाज ओळखतात, एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. आमच्या पोरांना हे लगेच कळतं, धनगरांचे कळप रानात बसलेले त्यांनी बघितलेले असतात. वचन पाठ करून घेत नाही, त्यावरून काही मंडळी नाराज झाली, तरी आम्ही बदललं नाही, येशूच्या "बालकांस मजकडे येऊ द्या" यात घोकंपट्टी कुठंय?

प्रार्थनेचा कोपरा उघडा असतो, ज्याला जायचं तो जातो. आमच्याकडं मराठा, लिंगायत, मुसलमान, सगळ्या घरची पोरं आहेत. ॲडमिशनच्या आधीच पालकांना तो कोपरा दाखवतो, काय सांगतो ते ऐकवतो, नको असेल तर त्यांचं पोरगं तिथं जात नाही. लपवाछपवी नाही म्हणून विश्वास टिकलाय.

भाषेचं म्हणाल तर घरी कुणाचं मराठी, कुणाचं कन्नड, कुणाचं कोकणी. आम्ही ठरवलं, प्रत्येक ताईनं आपल्याच भाषेत बोलायचं. मी मराठीत, मदतनीस अक्का कन्नडमध्ये, आणि पोरं माणूस बघून भाषा बदलतात!

२०२० मध्ये सगळं बंद झालं, फी बंद, भाडं चालूच. घरमालकांनी सांभाळून घेतलं. मटार सोलणं, रुमालाच्या घड्या, चमच्यानं डाळ एका वाटीतून दुसरीत, अशी घरची कामं आम्ही फोनवरून आयांना सांगत राहिलो, आणि त्यातल्याच आयांनी नंतर नवीन पोरं आणून दिली.

आता वरची खोली पण घेतलीय, तिथं तीन ते सहाचा एकत्र वर्ग सुरू करायचाय. बोटानं गिरवायची खरखरीत कागदाची मराठी अक्षरं कापून झालीत, कन्नडची चालू आहेत, त्यांची गोल वळणं कापायला वेळ लागतो. आणि कन्नड बोलणारी, माँटेसरी शिकलेली एक ताई हवीय, कुणाच्या ओळखीत असेल तर जूनच्या आधी जरूर कळवा.