चाळीस तास लावू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, एबीएचे आठवड्याला चाळीस तास लावू का?" ऑटिझममधल्या वर्तन-उपचारांवर संशोधन करणारी बाई भेटली की वाशीच्या पालकसभेत काय नि ठाण्यातल्या लग्नाच्या पंगतीत काय, हाच प्रश्न. (एबीए म्हणजे ऑटिझममधला एक वर्तन-उपचार: शिकवायच्या गोष्टीच्या छोट्या पायऱ्या करायच्या, जमलं की बक्षीस द्यायचं.) "मूल बघितल्याशिवाय कसं सांगू?" म्हटलं की समोरचा चेहरा पडतो. मी टाळतेय असं वाटतं. तेव्हा एकदाच सविस्तर.

चाळीसचा आकडा आला मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातून. लॉस एंजेलिसमधली १९ लहान मुलं, आठवड्याला चाळीस तास, दोन-दोन वर्षं. त्यातली ९ नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली, बुद्ध्यांकही सर्वसाधारण निघाला. ही ९ मुलं सगळ्यांना तोंडपाठ असतात. कोणतं मूल चाळीस तासांच्या गटात आणि कोणतं तुलनेसाठीच्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून नव्हे तर थेरपिस्ट मोकळे आहेत का यावर ठरलं होतं, आणि दरडावणं, मांडीवर चापट हेही त्या उपचारात होतं, हे कोणी सांगत नाही. २०२४ साली १४४ अभ्यासांमधली नऊ हजारांवर मुलं एकत्र धरून पाहिलं, तेव्हा तास वाढले की फायदा वाढतो याला भक्कम पुरावा मिळाला नाही.

"म्हणजे कमी चालतील ना?" तसंही मी म्हटलेलं नाही!

कोपरखैरण्यातल्या एका घरी मी सेशन तपासायला जायचे. थेरपिस्ट ठरलेल्या पायऱ्या पाळते का, याच्या खुणा करणं एवढंच माझं काम. मुलगा चार वर्षांचा. टेबलावर ग्लासाचं चित्र. "पाणी" म्हटलं की बिस्किटाचा तुकडा. बहुतेक वेळा बरोबर म्हणायचा. खरी तहान लागली की मात्र उठायचा, स्वयंपाकघरात जाऊन आजीचं मनगट धरायचा आणि तिला माठाकडे ओढायचा. आजी पाणी द्यायच्या. थेरपिस्टने एकदा बजावलं, "आजी, बोलल्याशिवाय द्यायचं नाही हं." आजी भडकल्या. "तहानलेल्या पोराला आधी परीक्षेला बसवू?" सून मध्ये पडली, सासूला गप्प केलं, आणि मग स्वतःच रडायला लागली. मी फॉर्मवर 'घरच्यांकडून पायरी चुकली' या रकान्यात खूण केली. फॉर्मप्रमाणे ते बरोबरच होतं.

थोड्या दिवसांनी त्या आईचा फोन आला. मुलगा स्वयंपाकघरात फिरकतच नव्हता. बाथरूममधल्या बादलीतलं पाणी मगाने प्यायचा. बादली काही बोलायला लावत नाही.

मनगट ओढणं ही त्याची मागणीच होती. ती बंद पाडली आणि तिच्या जागी त्याला जमेल असं काही दिलं नाही. एखादं वागणं थांबवायचं तर तेच काम होईल असा दुसरा मार्ग आधी मुलाच्या हातात द्या, हे कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ सालीच दाखवलंय. आमच्या शास्त्रातलंच आहे, बाहेरचं नाही. त्या महिन्याचा आलेख मात्र देखणा होता.

पण एवढ्यावरून मला 'एबीए म्हणजे छळ' म्हणणाऱ्यांत बसवू नका. त्यातून गेलेली, आता मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं तसं लिहितात, तेव्हा मी निमूट वाचते. तरी ठाण्यातली एक मुलगी आठवते, डोकं भिंतीवर आपटणारी. कशानंतर आपटते हे आईने वहीत टिपत गेल्यावर सापडली कुकरची शिट्टी. कानांवरचे हेडफोन मागायला शिकवले, आपटणं बरंच कमी झालं. हेही वर्तनशास्त्रच. त्याला चाळीस तास लागले नाहीत.

गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सेशनमध्ये पालकांना शिकवलं. मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला. म्हणजे इथेही सरळ उत्तर नाही.

पूर्वीची मी असते तर तुम्हाला ठणकावून सांगितलं असतं: लवकर आणि भरपूर. तिच्याशी माझं अजून जमत नाही. पण 'आमच्यात मुलगे उशिराच बोलतात' म्हणत वर्षं घालवलेली घरं तिने पाहिली होती, हेही खरं.

म्हणून तास विचारू नका. टेबलावर शिकलेलं माठापाशी वापरतो का, आणि त्याने 'नको' म्हटलं तर सेंटरवर ऐकतात का, ते विचारा. कर्ज काढून तास विकत घेऊ नका, एवढं मात्र मूल न बघताही सांगते.

तो मुलगा पुढे "पाणी दे" म्हणायला लागला. आई म्हणते, त्या चित्रांमुळे. आजी म्हणतात, मी परत द्यायला लागले म्हणून. माझ्या नोंदींवरून दोघींपैकी कोणालाच खोटं पाडता येत नाही.