मावशींनी श्वास सोडला होता

सीटी स्कॅनच्या कन्सोलवर बारा वर्षं काढली की माणसांचे दोनच प्रकार उरतात. सांगितल्यावर श्वास धरणारे, आणि मान हलवून भलतंच करणारे. त्या दिवशी मी एका मावशींना दुसऱ्या रांगेत टाकलं.

दम्यावरचं संशोधन चालू होतं. झटक्याने गुदमरलेल्या माणसाला टेबलवर उताणं झोपवून ‘आता श्वास रोखा’ म्हणणं शक्यच नसतं, म्हणून झटका बेताने घडवून आणायचा. श्वासनळ्या आकसवणाऱ्या मेथाकोलिनचा फवारा चढत्या डोसने द्यायचा, प्रत्येक डोसनंतर मशीनमध्ये फुंकायला लावायचं आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा २० टक्क्यांनी घटली की थांबायचं. मग दोन स्कॅन, एक छाती भरून घेतल्यावर आणि एक पूर्ण रिकामी केल्यावर. लगेच नळ्या पुन्हा मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल. डॉक्टर दारातच उभे असतात.

सीटीत आकसलेल्या श्वासनळ्या सरळ दिसत असतील असं लोकांना वाटतं. मोठ्या दिसतात. पण दम्याचा बराचसा खेळ २ मिलिमीटरहून बारीक नळ्यांत चालतो आणि तिथे आमचं लाखमोलाचं मशीन आंधळं. मग नळी सोडून तिच्यापलीकडे अडकलेली हवा शोधायची. आमच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १०००. श्वास सोडला की फुप्फुस आक्रसतं, करडं दिसू लागतं. ज्या भागातली हवा निघालीच नाही तो काळाच राहतो. उणे ८५६ च्या खालचा जेवढा भाग, तेवढी हवा अडकलेली असं धरतात. सगळा हिशेब माणसाने खरंच श्वास सोडलाय या भरवशावर.

म्हणून मशीनमधला तो रेकॉर्ड केलेला आवाज मी बंद ठेवतो. धाप लागलेल्यालाही तो ठरलेलेच सेकंद देतो. ज्याने बसवला त्याला एकदा स्वतःच्या टेबलवर झोपवायला हवं. मी बाहेर तीनदा तालीम घेतो आणि हुकूम स्वतः देतो.

मावशींची तालीम उत्तम झाली होती. औषधाआधीचे दोन्ही स्कॅन पुस्तकात छापावेत असे. फवाऱ्यानंतर मात्र छातीतली शिट्टी इंटरकॉमवर ऐकू येत होती. ‘सोडा, सोडा, अजून सोडा, थांबा.’ चार-पाच सेकंदांत स्कॅन झाला. स्क्रीनवर फुप्फुस जवळजवळ तितकंच मोठं, काळंभोर, मधूनच करडे ठिपके. फुप्फुसाखालचा श्वासपडदाही वर सरकलेला नाही.

‘मावशी, तुम्ही श्वास सोडलाच नाहीत.’

‘सोडला हो दादा. येत नाहीये बाहेर.’

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं, आणि शेऱ्यात ‘सहकार्य कमी’ लिहिलं. प्रोटोकॉलमध्ये एकदा पुन्हा घ्यायची मुभा होती, ती वापरली. दुसराही तसाच आला. तेव्हा कुठे डॉक्टर आत गेले आणि पंप दिला.

संध्याकाळी प्रतिमा पाठवताना सहज श्वासनलिकेवर थांबलो. तिच्या कूर्चेच्या कड्या मागून उघड्या असतात, मागची भिंत मऊ. श्वास भरलेला असताना छेद गोलसर दिसतो. जोर लावून सोडला की ती भिंत आत ढकलली जाते आणि चंद्रकोर होते. मावशींची चंद्रकोर होती. पहिल्याच स्कॅनमध्ये. बाईंनी सगळा जोर लावला होता, हवाच निघाली नव्हती. आम्ही जे शोधायला बसलो होतो ते समोर ठसठशीत आलं होतं, आणि मी त्याला हलगर्जीपणा समजून बाईंना आणखी एक स्कॅन आणि गुदमरलेली तीन-चार मिनिटं दिली. किरण कमी डोसचे होते, पण ते माझ्या समाधानासाठी गेले.

वरिष्ठांना सांगितलं. ‘होतं असं,’ म्हणाले आणि चहाला गेले. आमच्याकडे हे वाक्य सगळ्यावर चालतं.

आता फुप्फुसाकडे बघण्याआधी श्वासनलिकेचा छेद उघडतो. त्या दिवशीचा शेरा खोडायला गेलो, तर सॉफ्टवेअर खोडू देत नाही, फक्त खाली नवी ओळ घालू देतं. घातली, ‘श्वास पूर्ण सोडलेला, श्वासनलिका पाहावी.’ वरची ओळ अजून तशीच आहे, माझ्या नावासकट.