अर्धा सूर वर

नाशिकला मेन रोडच्या मागच्या बोळात माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली दुरुस्ती कमी, जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देणं जास्त. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की जो तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला निघालेला. गिऱ्हाईक येईल असं वाटत नव्हतं. तेवढ्यात सिडकोतले एक काका आले. पिशवीत रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणि १९९६ ची एक कॅसेट, लकी अलीची ‘सुनो’.

‘‘भाऊ, मोबाइलवर ‘ओ सनम’ खालच्या पट्टीत आणून ठेवलंय. मूळ गाणं वरच्या पट्टीत आहे. मी कॉलेजात असताना ह्याच कॅसेटवरून गिटारवर बसवलं होतं. आता मुलगी म्हणते, पप्पा तुम्ही अर्धा सूर वर वाजवता. तिला पुरावा दाखवायचाय.’’

टेपवर पांढरी बुरशी होती, दाब देणारी नमद्याची गादी गळून पडलेली. पाच स्क्रू काढून दोन्ही चकत्या दुसऱ्या खोक्यात बसवल्या, बुरशी पुसून घेतली, माझ्या डेकवर लावली. गिटार वाजली, मग तो खरखरीत, निवांत आवाज. शेजारी मोबाइल धरला. दोन्ही सूर तंतोतंत एक.

काका म्हणाले, ‘‘तुमचा डेक हळू चालतोय.’’

शंका रास्त होती. माझ्याकडे ३००० हर्ट्झची टेस्ट कॅसेट आहे, ती लावून दाखवली. माझा डेक ३००० वर. मग तीच त्यांच्या टू-इन-वनमध्ये घातली, तर मीटर ३१८०! सहा टक्के जलद, म्हणजे बरोबर अर्धा सूर. मोटरच्या मागच्या भोकावरचं सील तुटलेलं होतं. पट्टा सैल झाला की आवाज लोळतो. कुणा कारागिराने पट्टा बदलायचा सोडून आतला वेगाचा स्क्रू पिळला असणार, आणि नंतर कधीतरी नवा पट्टा पडला. असली कामं बघितली की माझं डोकं सटकतं.

काका बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, ‘‘मला तर लकी अली विशीतला पोरगा वाटायचा.’’

मेहमूदचा हा मुलगा १९५८ चा. ‘सुनो’ आला तेव्हा चाळिशीला टेकलेला. पॉप म्हणजे ठेका आणि झगमगाट अशा त्या दिवसांत त्याने व्हिडिओत पिरॅमिडच्या वाळूत सय्यद अस्लम नूरचे शब्द काही घाई नसल्यासारखे म्हटले. मला विचाराल तर त्या अल्बमची सगळी गंमत त्या न घाई करण्यात आहे, आणि नेमकी तीच काकांच्या जलद चालणाऱ्या टू-इन-वनने खाल्ली होती. तसं मी बोललोही. त्यांना ते फारसं पटलं नाही.

मोबाइलवरच्या सुरातच कॅसेटची एक फाइल करून दिली. नवा पट्टा चढवला आणि वेग लावायला बारीक पेचकस भोकात घातला, तसा काकांनी माझा हात धरला.

‘‘तेवढं राहू द्या.’’

पेचकस बाहेर काढला. फक्त पट्ट्याचे पैसे घेतले.