ऐंशीला घूंऽऽ

१४ जून
आवाज आज पहिल्यांदा ऐकला. खरं म्हणजे आज कबूल केला. महिनाभर तो होताच, मी रेडिओ मोठा करत होतो.

गाडी १९९७ ची मित्सुबिशी डेलिका. फोर-व्हील ड्राइव्ह, २.८ लिटरचं टर्बो डिझेल, जपानमध्ये वापरून झाल्यावर न्यूझीलंडला आलेली. २,८७,००० किलोमीटर पळालीय. चावी फिरवली की जुन्या टोल-यंत्रातली बाई अजून रोज जपानीत बजावते की कार्ड घातलेलं नाही. या वयाची गाडी काही ना काही बोलणारच. पण हा आवाज तसला नाही. ताशी साठ किलोमीटरला सुरू होतो, ऐंशीला भरून येतो, शंभराकडे जाताना वाऱ्यात बुडतो. दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी चालू असावी तसा.

लेक मागे डावीकडे बसते. ती म्हणाली, "बाबा, माझ्या सीटखाली भुंगा आहे." मला तर तो पुढून, उजव्या चाकाकडून येताना स्वच्छ ऐकू येत होता. म्हटलं, बस गप.

१५ जून
मामांना फोन लावला. त्यांनी वीस वर्षं सातारा-कोरेगाव वडाप, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी गाडी, चालवली, गाडीच्या आवाजावर ते माणसाच्या तब्येतीसारखं बोलतात. इथे न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये दुपारचे दोन, तिकडे साताऱ्याला सकाळचे साडेसात. बायकोने फोन धरला, मी ऐंशीवर गेलो.

"काय बी ऐकू येत न्हाई. गाडी बंद हाय का?"

घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. फोन कॉलमध्ये एकसुरी घरघर म्हणजे गोंगाट समजून पुसून टाकली जाते. नेमका आमचा रोगच पुसला जात होता. मग साधं रेकॉर्डिंग करून पाठवलं. उत्तर आलं, "आरं, ऐंशीला न्यूटल करून बघ आधी. तसाच राहिला तर इंजनाला शिव्या देऊ नगंस."

१८ जून
न्यूट्रल केलं. इंजिन खाली बसलं, घूंऽऽ जिथल्या तिथे. म्हणजे इंजिन, टर्बो, पंखा, अल्टरनेटर सगळे एका फटक्यात निर्दोष. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी नाही, चाकांच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. मग ऐंशीवर असताना पाय दाबून बघितला, सोडून बघितला. ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियन दातेरी चाकांची कुंई असती तर ओढताना एक आणि सोडताना दुसरी झाली असती. फरक नाही.

मग टू-एच आणि फोर-एच, म्हणजे दोन चाकांना ओढ आणि चारही चाकांना ओढ. चालत्या गाडीत लिव्हर टाकला म्हटल्यावर मामा हादरले. त्यांच्या ओळखीच्या फोर बाय फोर गाड्यांत पुढचा-मागचा ॲक्सल थेट जखडला जातो, कोरड्या डांबरीवर वळताना सगळं आवळून येतं. या गाडीत मध्ये तिसरा डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, आहे, त्यामुळे फोर-एचमध्ये डांबरीवर चालतं. शिवाय टू-एचमध्ये पुढचा ॲक्सल सुटा होतो, पुढच्या शाफ्टमधून ओढ जातच नाही. दोन्हीत आवाज तंतोतंत सारखा. पुढचा डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट यादीतून गेले.

उरले टायर आणि बेअरिंग, म्हणजे चाक ज्या रोलरांवर फिरतं ते कडं. इथे खरी पंचाईत आहे. न्यूझीलंडचे बरेचसे रस्ते चिपसीलचे, म्हणजे डांबर फवारून त्यावर खडी दाबलेले. त्यांवर नव्या गाडीचे टायरही गर्जतात. वायकाटो एक्स्प्रेसवेच्या गुळगुळीत भागावर गेलो तर आवाज निम्मा झाला. निम्मा! गेला असता तर टायर, तसाच राहिला असता तर बेअरिंग. निम्म्याचं काय करायचं?

२२ जून
पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखा, म्हणजे वेडावाकडा झिजलेला. पुढचे मागे, मागचे पुढे केले. आवाजातली ती खालीवर होणारी लाट गेली आणि खाली सपाट, अखंड घूंऽऽ उघडा पडला. आवाज दोन होते, एकावर एक बसलेले. मी आठवडाभर त्यांना एक समजून विचारत होतो.

२९ जून
रॅग्लनला, हॅमिल्टनच्या पश्चिमेच्या समुद्रकाठच्या गावाला, गेलो. समुद्राचं निमित्त, खरं कारण वाटेतली वळणं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. प्रत्येक उजव्या वळणावर घूंऽऽ जाड व्हायचा, डाव्या वळणावर पातळ. म्हणजे डावी बाजू. आणि मी शपथेवर उजवी सांगत होतो. बायको म्हणाली, "तू वळणं मोजतोयस की रस्ता बघतोयस?"

पोचल्यावर चारही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यांना, हात लावून बघितला. मागचा डावा जरा गरम वाटला, पण उतारावर ब्रेकही तापतात, म्हणून तो पुरावा मानला नाही. मानायला हवा होता.

५ जुलै
आजचा दिवस लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावले. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तर बारीकसं टक्. सापडला! हब खोलला, जुनं ग्रीस पुसलं, रोलर धुऊन बघितले, नवं ग्रीस भरलं, नट नीट कसला. पाऊस चालू होता, चार तास गेले. रोलर आरशासारखे होते हे डोळ्यांनी दिसत असूनही मी काम पुढे रेटलं, कारण मला ते पुढचंच हवं होतं. पुढचं मला घरी करता येतं. मागच्या अर्ध्या शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, बेअरिंग दाबून बसवलेलं असतं, त्याला प्रेस, म्हणजे दाबयंत्र, लागते, म्हणजे दुसऱ्याच्या दारात जावं लागतं.

चक्कर मारली. घूंऽऽ.

६ जुलै
कान बाजूला ठेवले. फोन चिकटपट्टीने एकेका चाकाच्या कमानीला आतून चिकटवला. तोच तुकडा, तोच ऐंशीचा वेग, हीटर बंद, रेडिओ बंद, चार फेऱ्या. मग स्वयंपाकघरात हेडफोन लावून ऐकलं. तीन फायलींत घरघर, चौथीत गिरणी. मागचं डावं.

व्हॅन म्हणजे पोकळ डबा. खर्जातला आवाज पत्र्यातून फिरतो, काचांवर आपटतो, आणि तो कुठून आला हे कानाला नीट कळत नाही. माझं डोकं पुढच्या काचेजवळ, म्हणून मला तो पुढचा. लेक त्या बेअरिंगच्या जवळजवळ डोक्यावर बसते. तिला मी गप बस म्हटलं होतं, ही नोंद वर आहेच.

१२ जुलै
शाफ्ट बाहेर काढताना दिसलं, ऑइल सीलही गळत होतं, आतून ओला काळा ओघळ. गिअर ऑइलचा तो सडक्या लसणासारखा वास हाताला अजून आहे. वर्कशॉपवाल्याने बेअरिंग कापून काढलं, नवं प्रेसवर चढवलं. जुनं घरी आणलंय. बोटावर फिरवलं की कर्रर्र होतं, आणि कड्याच्या आत नखाला लागतील असे पापुद्रे उडालेत. या महिनाअखेरीस डब्ल्यूओएफची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची, तपासणी आहे, २००० सालाआधीची गाडी म्हणून दर सहा महिन्यांनी असते. त्याआधी निस्तरलं हे बरं.

संध्याकाळी ऐंशीवर गेलो. चिपसीलची खसखस, मागच्या डब्यातला चमचा, इतकंच. लेकीला विचारलं, तर ती झोपली होती.

मामांना त्या बेअरिंगचा फोटो पाठवला. अभिनंदन वगैरे काही नाही. "डावं गेलं, तर उजवं काय माहेरपणाला आलंय व्हय? त्याचं बी वय तेवढंच हाय."

शनिवारी परत रॅग्लन. डाव्या वळणांवर रेडिओ बंद ठेवणार आहे.